छापलेल्या ओळीतला स्वर कसा ओळखायचा: उपरोध, उपहास, विडंबन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आमच्या घरी परळला रविवारी सकाळी चार-पाच मुलं येतात, एफवायची, एसवायची म्हणजे कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची, कोणी मराठी वाङ्मय घेतलेलं कोणी इंग्लिश लिटरेचर, आणि पहिल्या महिन्यात जवळजवळ प्रत्येकजण हेच विचारतो की ताई, सटायर, आयरनी, सार्कझम, पॅरडी हे सगळं एकच का, आणि मराठीत तर उपहास, उपरोध, व्यंग, विडंबन, वक्रोक्ती असे अजून पाच, कुठला कुठे लावायचा. व्याख्या त्यांना पाठ असतात, धडाधड म्हणून दाखवतात. पण समोर उतारा ठेवला आणि विचारलं की लेखक हे मनापासून म्हणतोय का, की सगळे गप्प.

मला ते गप्प बसणं चांगलं कळतं. एफवायला असताना जोनाथन स्विफ्टचा १७२९ सालचा तो छोटा निबंध वाचला, आयर्लंडमधल्या गरिबांची वर्षभराची मुलं श्रीमंतांना खायला विकावीत असं सुचवणारा, आणि मी तो अर्ध्यात मिटून ठेवला, मला खरंच वाटलं की हा माणूस क्रूर आहे. वर्गात एका तासात तो उरकला गेला, नोट्समध्ये 'बोचरा उपहास' असं लिहून मिळालं आणि मीही पेपरात तेच लिहिलं. तो निबंध मुळात गरिबांच्या बाजूने किती कळवळून लिहिलाय हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली. तुमची दोन वर्षं जाऊ नयेत म्हणून मी मुलांना जसं करायला सांगते तसंच इथे लिहिते, याच क्रमाने करा.

पहिली पायरी, पुस्तक उघडायचंच नाही. एक आठवडा फक्त वही जवळ ठेवा आणि घरातलं, ट्रेनमधलं, बिल्डिंगमधलं बोलणं टिपा. मराठी माणूस दिवसभरात किती वेळा उलटं बोलतो ते बघा. मार्कशीट बघून आई म्हणते "छान दिवे लावलेस". काका म्हणतात "तुझे प्रताप कळले मला". कोणी मीटिंगमध्ये काहीतरी बरळला की त्याने 'मुक्ताफळं उधळली', 'अकलेचे तारे तोडले', 'उजेड पाडला'. आता हे शब्द एकेक करून बघा, दिवे, प्रताप, मुक्ताफळं म्हणजे मोती, तारे, उजेड, सगळे कौतुकाचे आहेत, आणि आपण ते सर्रास निंदेसाठी वापरतो. दीडशहाणा म्हणजे शहाणपण दीडपट, आणि अर्थ नेमका उलटा. वापरून वापरून हे इतके घट्ट झालेत की आता संदर्भ लागतच नाही, 'दिवे लावले' ऐकलं की कोणी समईकडे बघत नाही. याला मी गोठलेला उपरोध म्हणते, हा माझा शब्द आहे, पेपरात लिहू नका.

त्याच वहीत दुसऱ्या बाजूला ताजा उपरोध लिहा, म्हणजे जो त्या क्षणी तयार झाला. सकाळच्या कल्याण फास्ट लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मागायला कोणी आलं की खिडकीतली बाई म्हणते "या ना, अजून दोघी येतील, मांड्या रिकाम्याच आहेत". हे वाक्य नुसतं कागदावर लिहिलं तर आमंत्रण आहे. गर्दी माहीत असेल तरच ते कळतं. म्हणजे उपरोधाला दोन गोष्टी लागतात, बोललेलं वाक्य आणि दोघांनाही माहीत असलेली परिस्थिती, आणि त्या दोघांत जी फट पडते तिथे तो असतो. साहित्य वाचताना नव्या मुलाला वाक्य मिळतं पण परिस्थिती मिळत नाही, कारण ती १७२९ची डब्लिनची असते किंवा सोळाव्या शतकातल्या पैठणची. म्हणून आधी संदर्भ वाचा असं शिक्षक सांगतात ते उगाच नाही.

दुसरी पायरी, काकु. इथे थोडं थांबून वाचा कारण माझ्या मते सगळी किल्ली इथे आहे. आपल्या अलंकारशास्त्रात वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगतात, श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती. काकु म्हणजे आवाजाची ढब, स्वर बदलून अर्थ फिरवणं. "तू येणार" आणि "तू येणार!" आणि "तू... येणार?" शब्द तेच, अर्थ तीन. "वा, छान केलंस" हे शाबासकीही असतं आणि फटकाही, आणि आपण ते एका क्षणात ओळखतो कारण कानाला स्वर मिळतो, समोर चेहरा असतो. छापलेल्या पानावर यातलं काहीच नसतं. व्हॉट्सॲपवर आपण ती कमतरता डोळे फिरवणारा इमोजी टाकून भरून काढतो, नाही टाकला तर भांडणं होतात, हे सगळ्यांनी अनुभवलंय. लेखकाकडे इमोजी नाही. त्याला तो स्वर वाक्याच्या आतच कुठेतरी लपवावा लागतो आणि आपलं काम म्हणजे तो शोधणं. जे पुस्तकात कळत नाही ते मोठ्याने वाचा, एकदा अगदी गंभीर आवाजात, एकदा खोचक आवाजात, आणि कुठल्या आवाजात वाक्य अडखळतं ते बघा.

तिसरी पायरी, खुणा शोधायच्या. पहिली खूण म्हणजे शब्दांची उंची आणि विषयाची उंची जुळत नाही. समजा सोसायटीच्या नोटीस बोर्डवर लिहिलंय, "वरच्या मजल्यावरून केरकचरा सोडून तळमजल्याच्या रहिवाशांना नित्य पावन करणाऱ्या महानुभावांचे आम्ही जन्मोजन्मी ऋणी राहू". विषय केराचा, भाषा सत्कार समारंभाची. हे दिसलं की थांबायचं. जेन ऑस्टिनच्या १८१३च्या कादंबरीचं पहिलं वाक्य इंग्लिशवाल्यांना असतंच, त्यात एखादं विश्वमान्य सत्य सांगावं अशा थाटात म्हटलंय की पैसेवाल्या अविवाहित पुरुषाला बायको हवीच असते. थाट तत्त्वज्ञानाचा आणि गोष्ट स्थळ बघण्याची. आणि पुढची पानं वाचली की कळतं, गरज त्या पुरुषाला नाहीये, लग्नाच्या मुली घरात असलेल्या आईबापांना आहे. आपल्याकडे कांदेपोह्याचे कार्यक्रम बघितलेल्या मुलीला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही, फक्त 'थाट बघ' एवढंच म्हणावं लागतं.

दुसरी खूण, बोलणारा नको तिथे फारच शांत आणि हिशोबी असतो. परत स्विफ्ट घ्या. त्याचा बोलणारा माणूस आकडे मांडतो, गरिबांची १,२०,००० मुलं, त्यातली २०,००० पुढच्या पैदाशीसाठी राखून ठेवायची, उरलेली १,००,००० वर्षाची झाली की विकायची, एका मुलाला वर्षभर पोसायचा खर्च दोन शिलिंग आणि विकून दहा शिलिंग येतील. बाजारातल्या गुरांबद्दल बोलावं तसं. आकडे जितके नीट तितका आपल्याला जास्त त्रास होतो, आणि तो त्रास व्हावा हीच लेखकाची इच्छा आहे. मग मध्येच एक वाक्य येतं की हे अन्न जमीनदारांना फार योग्य, कारण त्यांनी आईबापांना आधीच खाऊन टाकलंय. तिथे पडदा क्षणभर सरकतो आणि आतला संताप दिसतो. आणि शेवटाकडे तो बोलणारा म्हणतो की बाकी उपाय मला सांगू नका, परदेशात राहणाऱ्या जमीनदारांवर कर लावा, आपल्याच देशात बनलेला माल वापरा, असलं काही नको. ते 'नको' म्हटलेले उपायच स्विफ्टचे खरे उपाय आहेत! मी पहिल्यांदा निबंध अर्ध्यात मिटला होता त्यामुळे इथपर्यंत पोचलेच नव्हते. म्हणून उपहासाचा उतारा कधीही अर्धा वाचू नका.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडते, समोरच्याचं म्हणणं शंभर टक्के खरं मानून त्याप्रमाणे वागून दाखवणं. महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'त, १८७३चं पुस्तक, परशुरामाला उद्देशून एक जाहीर नोटीस आहे. परशुराम चिरंजीव आहे असं तुम्ही म्हणता ना, मग तो आजही कुठेतरी असणारच, तर त्याने सहा महिन्यांच्या आत हजर व्हावं. शिवी नाही, आरडाओरडा नाही, सरकारी कागदाचा साचा वापरलाय आणि विरोधकाची श्रद्धा अक्षरशः खरी धरली आहे. पुस्तकात धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात, तो सगळा संवादही असाच साध्या शंकांनी पुढे जातो. हे पुस्तक अभ्यासाला असो नसो, तो भाग नक्की वाचा, कारण उपहासाने माणूस नुसता हसवत नाही, वादही घालू शकतो हे तिथे फार स्वच्छ दिसतं.

चौथी पायरी, बोलतंय कोण आणि लागतंय कोणाला. इथे मुलं हमखास चुकतात. 'मी' लिहिलं म्हणजे लेखक असं धरून चालतात. संत एकनाथांचं भारूड आठवा, ती सून भवानी आईला रोडगा वाहायचं कबूल करते आणि मागणं काय, तर सासरा, सासू, जाऊ, नणंद, नवरा या सगळ्यांपासून मला सोडव, एकटीच राहू दे मला. बोलणारी सून आहे, लिहिणारे नाथ आहेत. ऐकणारा आधी त्या सुनेच्या तक्रारीला हसतो, घरोघरी चालणारं बोलणं असतं ते, आणि मग हळूच कळतं की ही सासरची माणसं म्हणजे जिवाला बांधून ठेवणारे संसाराचे पाश. इथे कोणी 'उपरोध' लिहून मोकळं होतं, तर तसं करू नका, हे मुख्यतः रूपक आहे, पण बोलणाऱ्याचा मुखवटा म्हणजे काय, ज्याला इंग्लिशवाले पर्सोना म्हणतात, ते शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही. स्विफ्टचा हिशोबी माणूस हा असाच मुखवटा.

आणि लागतंय कोणाला, यासाठी आपल्याकडे चार शब्दांत सगळा सिद्धांत आहे: लेकी बोले सुने लागे. बोलणं लेकीला, घाव सुनेला. प्रत्येक उताऱ्याला हे लावून बघा, इथे लेक कोण आणि सून कोण. व्याजस्तुतीतही तेच, 'व्याज' म्हणजे इथे बँकेचं नाही, संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, मिष. स्तुतीच्या मिषाने निंदा, किंवा उलट. ते जुनं सुभाषित माहीत असेल, 'वैद्यराज नमस्तुभ्यं यमराजसहोदर', वैद्यबुवा नमस्कार, तुम्ही यमराजांचे सख्खे भाऊ, यम नुसते प्राण नेतो, तुम्ही प्राण आणि पैसे दोन्ही. नमस्कार पहिल्या दोन शब्दांतच आणि पुढच्याच शब्दात घाव.

पाचवी पायरी, आता कुठे शब्दांच्या पेट्या. इथे गोंधळ आहे हे मान्यच करायला हवं आणि तो तुमचा दोष नाही. मराठीत 'उपरोध' हा शब्द आयरनीसाठीही वापरतात आणि सार्कझमसाठीही, काही जण आयरनीला वक्रोक्ती म्हणतात, 'व्यंग' शब्द कधी सटायर असतो कधी शारीरिक दोष. तर मी मुलांना असं धरायला सांगते. उपरोध ही बोलण्याची रीत आहे, म्हणायचं एक आणि सुचवायचं दुसरं. टोमणा म्हणजे तीच रीत पण समोरच्या एका माणसाला दुखवण्यासाठी, सार्कझम हा इथे बसतो, ग्रीकमध्ये त्या शब्दाचं मूळ मांस फाडण्याशी आहे, एवढं लक्षात ठेवलं की विसरत नाही. उपहास म्हणजे सटायर, ही रीत नाही तर हेतू आहे, समाजातला एखादा दोष, ढोंग, अन्याय उघडा पाडायचा आणि तो सुधारावा अशी आतून तळमळ असते, त्यासाठी तो उपरोध वापरेल, अतिशयोक्ती वापरेल, प्राण्यांची गोष्ट सांगेल. विडंबन म्हणजे पॅरडी, एखाद्या ठरावीक कवितेची, शैलीची नक्कल. आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' काढलं त्यात रविकिरण मंडळ या त्या काळच्या कवींच्या गटाच्या कवितांची विडंबनं आहेत, आणि मूळ कविता न वाचता ती वाचली तर अर्धी गंमत जाते, तेव्हा विडंबन अभ्यासाला असेल तर आधी मूळ शोधून वाचा, ग्रंथालयात तासभर जाईल पण उत्तर वेगळंच होईल.

म्हणजे एकाच लेखाला दोन-तीन शब्द एकाच वेळी लागू शकतात. 'हा उपहास आहे की उपरोध' हा प्रश्न बरेचदा चुकीचा असतो, उपरोधाच्या रीतीने केलेला उपहास असं लिहा.

परिस्थितीतली आयरनी मात्र वेगळी, तिथे कोणी काही बोलतच नाही, घडतं ते उलटं घडतं. छत्री विसरलात आणि पाऊस आला तर ते नुसतं दुर्दैव. पण गर्दी टाळायला अर्धा तास आधीची लोकल पकडली, आणि सगळ्यांनी नेमका तोच विचार केल्यामुळे तीच लोकल सगळ्यात भरलेली, हे आयरनी, कारण टाळायला जे केलं त्यानेच ते ओढवलं. मोठ्या, शोकांत गोष्टींसाठी आपल्याकडे 'दैवदुर्विलास' असा सुंदर शब्द आहे, तो वापरा. आणि नाटकातली आयरनी म्हणजे प्रेक्षकाला माहीत, पात्राला नाही. ग्रीक नाटककार सॉफोक्लिसचा इडिपस राजा आधीच्या राजाच्या खुन्याला शोधून काढायची शपथ घेतो, आणि खुनी तो स्वतःच असतो. संध्याकाळी सिरीयल बघताना आजी टीव्हीला ओरडते "अगं पिऊ नकोस ते दूध", तेव्हा आजी याच जागी बसलेली असते.

सहावी पायरी, शब्दसंपत्ती. अवघड शब्दांच्या याद्या पाठ करू नका, दोन दिवसांत उडून जातात. त्याऐवजी एका भावनेचे शब्द घेऊन ते तीव्रतेप्रमाणे लावा. थट्टा, चेष्टा, फिरकी, कोपरखळी, चिमटा, टवाळी, खिल्ली, टर, कुचेष्टा, वाभाडे. मी हे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून मुलांना जमिनीवर ओळीत मांडायला लावते, आणि मग जोरदार वाद होतात, कोपरखळी प्रेमाने मारता येते का, खिल्ली तोंडावर उडवतात की पाठीमागे. तो वाद हाच अभ्यास. विशेषणं पण तशीच लावा: मिश्कील, खट्याळ, तिरकस, खोचक, बोचरा, कुत्सित, कुजकट, छद्मी. 'मिश्कील' आणि 'कुत्सित' यांत लेखकाचं माणसांवर प्रेम आहे की नाही एवढा मोठा फरक आहे, आणि उत्तरात यातला एक शब्द नेमका पडला की तपासणाऱ्याला कळतं मुलाने खरंच वाचलंय.

काही शब्दांची गोष्ट शोधा म्हणजे ते राहतात. शालजोडीतला मारणं, म्हणजे जोडाच मारायचा पण भरजरी शालीत गुंडाळून. मल्लिनाथी करणं, कालिदासाच्या काव्यांचा थोर टीकाकार मल्लिनाथ, त्याच्या नावावरून आलेला शब्द, आणि आज आपण तो आगाऊ शेरेबाजीसाठी वापरतो. विडंबन आणि विटंबना एकाच घरातले, एकात नक्कल राहिली दुसऱ्यात फक्त अपमान. यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघा, पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारलेली १८५७ची, म्हणजे आपलं मुंबई विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षीची, आणि तो ऑनलाइन फुकट बघता येतो. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश सात खंडांचा आहे, म्हणी आणि वाक्प्रचारांसाठी त्यांचाच वाक्संप्रदाय कोश. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयात जाऊन कोश हातात घेऊन चाळा, स्क्रीनवर एक शब्द मिळतो, पानावर त्याचे शेजारी पण मिळतात.

शेवटची पायरी, उत्तर लिहिणं. "या उताऱ्यात लेखकाने उपरोध वापरला आहे व त्यामुळे विनोद निर्माण होतो" हे वाक्य मी शेकडो वह्यांत वाचलंय आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याजागी चार गोष्टी लिहा: बोलणारा कोण, तो वरवर काय म्हणतोय, कुठल्या शब्दावरून आपल्याला शंका आली, आणि घाव कोणावर आहे. सोसायटीच्या नोटिशीचंच घ्या: "लिहिणारा तळमजल्याचा रहिवासी असून तो वरवर आभार मानतो, परंतु 'पावन' आणि 'महानुभाव' हे धार्मिक, आदराचे शब्द केराला लावल्याने स्तुतीचा बहाणा उघड होतो, रोख वरच्या मजल्यावरच्या बेफिकीर रहिवाशांवर आहे, म्हणून ही व्याजस्तुती." एवढ्या एका वाक्यात अलंकाराचं नाव सगळ्यात शेवटी आलंय, पुरावा आधी. नाव आधी टाकलं की आपण बाकीचं शोधायचं सोडून देतो, म्हणून मुलांना मी पहिला महिनाभर नाव लिहूच देत नाही, फक्त उताऱ्यातल्या त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची आणि बाजूला लिहायचं, इथे मला शंका आली.